वाचक विचारतात : तिबेटी पताका घरात लावताना

प्रश्न : लडाखहून पताकांची माळ आणली आहे. फेंगशुई बघणाऱ्यांनी सांगितलं, पैसा यावा म्हणून आग्नेयेला फक्त हिरव्या पताका लावा. बाकीचे रंग कापून काढले तर चालेल का? (डोंबिवली)

कात्री लावू नका. या सल्ल्यात दोन वेगळ्या शास्त्रांचे रंग एकमेकांत मिसळले आहेत. चिनी फेंगशुईची पाच तत्त्वं म्हणजे लाकूड, अग्नी, पृथ्वी, धातू आणि पाणी. तिथे हिरवा म्हणजे लाकूड, आग्नेय दिशा लाकडाची आणि धनाची, म्हणून हिरवा. पताकांवरचे रंग मात्र या हिशोबाचे नाहीतच. ते आपल्या ओळखीच्या पंचमहाभूतांचे आहेत : निळा आकाश, पांढरा वायू, तांबडा अग्नी, हिरवा पाणी, पिवळा पृथ्वी. (तिबेटी बौद्धांच्या नव्या, म्हणजे सारमा परंपरांत पांढरा आणि हिरवा यांचे अर्थ उलटे धरतात.) म्हणजे धनाचं लाकूड म्हणून तुम्ही जे टांगणार, ते माळ बनवणाऱ्याच्या लेखी पाणी आहे. शिवाय पाचही भूतं समतोल राहावीत यासाठीच ती माळ. चार काढली की उरतो तो नुसता हिरवा कपडा.

पताका जवळून बघा. मधोमध घोडा आहे आणि त्याच्या पाठीवर ज्वाळांनी वेढलेली तीन रत्नं : बुद्ध, धर्म, संघ. हाच 'लुंगता'. 'लुंग' म्हणजे वारा, 'ता' म्हणजे घोडा. चार कोपऱ्यांत गरुड, ड्रॅगन, वाघ आणि हिमसिंह, आणि मधल्या जागेत मंत्र. वारा त्या अक्षरांवरून जातो आणि पुढे ज्याला ज्याला लागेल त्याचं भलं होतं, अशी श्रद्धा. त्यात तुमच्या तिजोरीइतकाच वाटा खालच्या मजल्यावरच्यांचा आणि रस्त्यावरच्या कुत्र्याचाही. फेंगशुईतल्या 'उपाया'शी याचं खरं भांडण इथे आहे. रंगांचा घोळ त्यामानाने किरकोळ.

तरीही आग्नेयेलाच लावायची असेल तर अख्खी माळ लावा. फेंगशुईत त्या दिशेचं चिन्ह वाऱ्याचंही आहे, त्यामुळे ते काही अगदीच विजोड दिसणार नाही. फक्त आपल्याकडे वास्तूप्रमाणे स्वयंपाकघर तिथेच असतं, तेव्हा गॅसपासून लांब. आणि दिशा मोबाइलवर बघत असाल तर लोखंडी ग्रिलजवळ उभं राहून बघू नका, काटा हमखास भरकटतो. घराच्या मध्यावर दोन-तीन ठिकाणी बघा, उत्तर एकच आलं तर धरा.

प्रश्न : गॅलरीत माळ लावायची आहे. क्रम कुठून धरायचा, किती ताणायची? (नाशिक)

समोर उभं राहिल्यावर डावीकडून निळा, पांढरा, तांबडा, हिरवा, पिवळा. पुढे पुन्हा निळा. घोड्याचे पाय खाली आहेत ना, हे बांधण्याआधी बघा. माळ उलटी लागते ती इथेच, कारण अक्षरं वाचता येत नसली की वर-खाली कळत नाही.

माप आधी घ्या. पताका पाचाच्या पटीत येतात. एक पताका साधारण २० सेंमी रुंद असेल तर १० पताकांना दोन मीटरच्या वर जागा लागते. माळ तारेसारखी ताणू नका. तीन मीटरच्या अंतराला मध्ये वीतभर झोळ हवा. ताणलेल्या माळेत प्रत्येक झटका थेट शिवणीवर बसतो आणि पहिल्याच वादळात कडेची पताका सुटते. माळेची मूळ दोरी बहुधा बारीक असते, म्हणून दोन्ही टोकांना नायलॉनची दोरी जोडून गाठ ग्रिलला मारा.

काम दोघांनी करावं. एकजण बांधतो, दुसरा उरलेली घडी हातात धरतो, कारण माळ जमिनीला लागू देत नाहीत. पायदळी येईल किंवा कपडे वाळत घालायच्या दोरीखाली जाईल अशी जागाही नको. वेळ सकाळची, ऊन आणि वारा असलेली. तिबेटी पंचांगात काही तिथ्या यासाठी वर्ज्य आहेत, जवळ तिबेटी वसाहत असेल तर विचारून घ्या. आपल्याकडे गोंदिया जिल्ह्यात गोठणगावला आहे.

प्रश्न : आमच्याकडे गॅलरीच नाही. हॉलमध्ये पंख्याजवळ किंवा देवघरावर चालेल? (पुणे)

खिडकीच्या चौकटीवर, जिथून वारा येतो तिथे लावा. पंख्याचा वारा हा वाऱ्याला पर्याय नव्हे, आणि पात्यात टोक अडकलं तर माळ आणि पंखा दोन्ही जातील. देवघराशेजारी हरकत नाही, पण निरांजनाच्या वर मुळीच नको. पॉलिस्टरची पताका ज्योतीच्या नुसत्या धगीनेही आक्रसते.

प्रश्न : पावसाळ्यात माळेचा रंग खालच्यांच्या चादरीवर उतरला. आता कडा उसवल्यात, रंगही गेलाय. हे अशुभ का? धुऊन, शिवून पुन्हा लावू? (ठाणे)

अशुभ अजिबात नाही. विरणं, उडणं हेच तिचं काम, म्हणून खालची कड मुद्दाम दुमडून शिवत नाहीत. धुऊ नका, शिवू नका. रंग उतरतो तो पहिल्या एक-दोन पावसांत, तेवढ्यापुरती खालच्यांना आगाऊ कल्पना देऊन ठेवा.

पूर्ण जीर्ण झाली की उतरवून जाळतात, कचऱ्यात टाकत नाहीत. नवी लावायला लोसार, म्हणजे तिबेटी नवं वर्ष, चांगला मानतात. ते बहुधा फेब्रुवारी-मार्चमध्ये येतं. आपली गुढी त्याच संध्याकाळी उतरते, ही मात्र पुढच्या लोसारपर्यंत राहते.

जाळण्याआधी एक धागा ओढून चिमट्यात धरा आणि पेटवा. कागदासारखा वास आला, राख झाली तर सुती. मग गच्चीवर लोखंडी घमेल्यात, वारा पडलेला असताना जाळा. धागा वितळून टोकाला कडक मणी झाला तर पॉलिस्टर. ते जाळू नका, धूर घातक असतो. घडी करून स्वच्छ पिशवीत ठेवा, आणि पुढच्या वेळी विकत घेतानाच सुती आहे का विचारा.

प्रश्न : बुलेटच्या हँडलला बांधली तर? (कोल्हापूर)

बांधतात बरेच जण. दोर क्लचच्या वायरीत आणि पुढच्या चाकात जाणार नाही इतका आखूड ठेवा. चिखल उडतो त्या उंचीवर नको.