डेटाबेसमध्ये आता संशोधन करण्यासारखं काही उरलंय का?

तुमच्या प्रश्नाचा मथितार्थ असा: गाईड एम.टेक.साठी डेटाबेसचा विषय सुचवताहेत, पण पन्नास वर्षांत ओरॅकल, पोस्टग्रेस असली डेटाबेस सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनी सगळं करून ठेवलंय, मग त्यापेक्षा एआय का घेऊ नये?

भरपूर उरलंय. मी संशोधक नाही, नोकरीत पोस्टग्रेस सांभाळतो. म्हणून ज्या गोष्टीने रोज डोकं उठतं तिच्याबद्दलच सांगतो: ऑप्टिमायझरचा, म्हणजे क्वेरी (डेटाबेसला विचारलेला प्रश्न) कशी चालवायची हे ठरवणाऱ्या भागाचा अंदाज.

एसक्यूएलमध्ये, म्हणजे डेटाबेसला प्रश्न विचारायच्या भाषेत, आपण काय हवंय एवढंच सांगतो. कुठलं टेबल आधी वाचायचं, इंडेक्स (रेकॉर्ड पटकन शोधायची सूची) वापरायचा की नाही, जॉइन (दोन टेबलांची जोडणी) कुठल्या पद्धतीने करायचा, हे डेटाबेसचा ऑप्टिमायझर ठरवतो; या ठरवलेल्या रीतीला प्लॅन म्हणतात. त्यासाठी प्रत्येक टप्प्यावर किती रेकॉर्ड हाती लागतील याचा अंदाज त्याला आधीच बांधावा लागतो. ही रीत आयबीएमच्या सॅन होजेमधल्या सिस्टिम आर प्रकल्पातली, पॅट्रिशिया सेलिंजर आणि सहकाऱ्यांचा 1979 चा पेपर. काहीच माहिती हाताशी नसेल तर 'बरोबर' या अटीला एक दशांश रेकॉर्ड धरा, 'पेक्षा जास्त'ला एक तृतीयांश, असे ठोकताळे त्यात होते. यातला एक तृतीयांशाचा ठोकताळा पोस्टग्रेसच्या कोडमध्ये आजही सापडतो. सांगा आता, सगळं सुटलंय का?

खरी गोम पुढे आहे. समजा महाराष्ट्रातल्या 1 कोटी लोकांचं टेबल आहे आणि अट आहे जिल्हा सातारा, तालुका कराड. (जिल्ह्याची अट काढून भागत नाही. खेड पुण्यातही आहे आणि रत्नागिरीतही, त्यामुळे क्वेरीत दोन्ही अटी असतातच.) जिल्हे 36, तालुके 358. सोयीसाठी सगळीकडे सारखी वस्ती धरू. कराडचे रेकॉर्ड निघतील साधारण 28 हजार. पण ऑप्टिमायझर दोन्ही अटी एकमेकींपासून स्वतंत्र समजतो आणि सरळ गुणाकार करतो: 1 कोटी भागिले 36, भागिले 358, म्हणजे 776. कराड साताऱ्यातच आहे हे त्याला कोण सांगणार? 776 रेकॉर्डच आहेत म्हटल्यावर तो खुशाल नेस्टेड लूप निवडतो, म्हणजे एका टेबलाच्या प्रत्येक रेकॉर्डसाठी दुसऱ्या टेबलात पुन्हा शोधायची, थोड्या रेकॉर्डांनाच परवडणारी पद्धत. त्यावर आणखी तीन-चार टेबलं जोडली की चुकीला चूक गुणली जाते, आणि दोन सेकंदांची क्वेरी जेवून आलं तरी चालूच असते.

2017 साली पोस्टग्रेस 10 मध्ये 'क्रिएट स्टॅटिस्टिक्स' आलं. आता दोन कॉलमांचा संबंध आपण त्याला सांगू शकतो. पण सांगायचं आपणच, आणि तेही एकाच टेबलापुरतं.

हे पोस्टग्रेसचंच दुखणं नाही. 2015 मध्ये म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठातल्या व्हिक्टर लाइस आणि सहकाऱ्यांनी आयएमडीबी या सिनेमांच्या संकेतस्थळाचा खराखुरा डेटा घेऊन 113 क्वेऱ्या लिहिल्या आणि पोस्टग्रेससोबत बडी व्यावसायिक उत्पादनंही तपासली. जॉइन वाढतील तसे सगळ्यांचेच अंदाज कोसळले, बहुतेक वेळा कमीच्या बाजूने. तोवर बहुतेक चाचण्या कृत्रिम डेटावर चालायच्या, जिथे कराड कुठल्याही जिल्ह्यात असू शकतं!

तुम्हाला एआयच करायचं असेल तर तेही इथे आहे. अंदाज मशीन लर्निंगने बांधायचे प्रयत्न गेल्या काही वर्षांत जोरात आहेत. स्थिर डेटावर ते जुन्या पद्धतीपेक्षा सरस ठरतात. डेटा बदलत राहिला की मॉडेल पुन्हा शिकवत बसावं लागतं, आणि कधीकधी अट कडक केली तर अंदाज कमी व्हायच्या ऐवजी वाढतो. रात्री अडीचला फोन आल्यावर असल्या मॉडेलशी वाद कोण घालणार? म्हणून मी अजून त्याच्या वाटेला गेलेलो नाही.

मला सगळ्यात आवडलेली कल्पना बंगळुरूच्या आयआयएस्सीतली आहे. अंशुमन दत्त आणि जयंत हरित्सा यांनी 2014 मध्ये विचारलं की अंदाज हवाच कशाला? क्वेरीला 1 एकक खर्चाची मुभा द्या. संपली नाही तर थांबवा आणि 2 एककांत बसणारा प्लॅन घ्या, मग 4, मग 8. नेमका प्लॅन 9 एककांत उरकला असता असं धरा. आपला खर्च जास्तीत जास्त 1+2+4+8+16, म्हणजे 31. चारपट 36 होते, म्हणजे आपण त्याच्या आतच. किती रेकॉर्ड निघतील अशी एकच संख्या अज्ञात असेल तर ही चारपटीची हमी कायम राहते. अज्ञात वाढले की हमी सैल होते, आणि काम करायला वाव आहे तो तिथे.

आपल्याकडे आयआयटी मुंबईतही क्वेरी ऑप्टिमायझेशनवर प्रा. सुदर्शन यांच्या गटाचं मोठं काम आहे. पवईच्या जवळपास असाल तर त्यांचे पेपर आधी वाचा.

विषय ठरवण्याआधी एक करा. लाइस यांच्या त्या 113 क्वेऱ्या आणि डेटा मोफत मिळतो. लॅपटॉपवर पोस्टग्रेस टाकून त्या 'एक्सप्लेन ॲनालाइझ'ने, म्हणजे क्वेरी चालवून तिचा प्लॅन दाखवणाऱ्या आज्ञेने, चालवा. प्लॅनच्या प्रत्येक टप्प्याच्या ओळीत 'rows' (रेकॉर्डची संख्या) हा आकडा दोनदा येतो, एकदा अंदाजाचा, एकदा प्रत्यक्षातला. जिथे तफावत हजारपटीत दिसेल तिथली अट आणि जॉइन घेऊन गाईडकडे जा.