मरणोत्तर रक्तातल्या ताण-हॉर्मोनवर पीएच.डी.: लॅब निवडताना

बायोकेमिस्ट्रीत एम.एस्सी. झालंय, शवविच्छेदनात घेतलेल्या रक्तातले ताण-हॉर्मोन मोजण्यावर पीएच.डी. करायचीय, त्यासाठी परदेशी यावं का आणि लॅब कशी निवडावी, असं तुम्ही विचारलंय. मी याच कामासाठी देश सोडला आणि इथेच राहिलो. जरूर या. फक्त यंत्रांची यादी पाहून भुलू नका; तिथे रक्त कोण काढतं आणि शरीरात कुठून काढतं, हे मार्गदर्शकांना पहिल्याच मेलमध्ये विचारा.

या विषयातली खरी अडचण तीच आहे. मृत्यूनंतर मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क (अ‍ॅड्रेनल) ग्रंथींच्या पेशी फुटू लागतात आणि त्यातलं अ‍ॅड्रेनलिन हे ताण-हॉर्मोन जवळच्या मोठ्या शिरांत झिरपतं. एकाच देहात हृदयातल्या रक्ताचा आकडा वेगळा आणि मांडीच्या शिरेतला वेगळा. वाचवायच्या धडपडीत डॉक्टरांनी अ‍ॅड्रेनलिन टोचलं असेल, तर तो आकडा मृत्यूपूर्वीच्या ताणाबद्दल काहीच सांगत नाही. कॉर्टिसॉल हे दुसरं ताण-हॉर्मोन त्या मानाने टिकाऊ, पण जिवंतपणीच ते सकाळी चढलेलं आणि मध्यरात्रीच्या सुमारास उतरलेलं असतं. मृत्यूची वेळ माहीत नसेल तर वाचायचं कसं? शिवाय रक्तपेशी फुटलेल्या असल्याने नितळ सीरम मिळत नाही, म्हणून पॅथॉलॉजी रिपोर्टवरची ‘नॉर्मल’ पातळी इथे लावता येत नाही. मृतांचाच तुलनागट उभा करावा लागतो, आणि त्याला वर्षं लागतात. ज्या लॅबकडे तो आधीच आहे, तिला झुकतं माप द्या.

इम्युनोअ‍ॅसेवर, म्हणजे अँटिबॉडी वापरून हॉर्मोन मोजणाऱ्या चाचणीवर, थांबणारी लॅब मी तरी टाळेन. रुग्ण प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड औषध घेत असेल तर तेही कॉर्टिसॉल म्हणून मोजलं जाऊ शकतं. एलसी-एमएस/एमएस हे तंत्र (रेणू आधी वेगळे करून मग त्यांच्या वस्तुमानावरून ओळखणारं) दोन्ही वेगळे ओळखतं. निघण्याआधी त्यावर हात बसवता आला तर उत्तमच.

कोर्टाचा आणि घरच्यांचा प्रश्न मात्र एकच असतो: जाताना त्रास झाला का? एका हॉर्मोनच्या आकड्यावरून याचं उत्तर देणाऱ्या माणसाच्या हाताखाली काम करू नका, हे मी अगदी कळकळीने सांगतो. त्या उत्तरावर कुणाची शिक्षा, कुणाची झोप अवलंबून असते. थंडीने गारठून झालेल्या मृत्यूत लघवीतली कॅटेकोलामाइन्स (अ‍ॅड्रेनलिन आणि त्याच्या जातीचे हॉर्मोन), रक्तातले कीटोन (चरबी जळताना तयार होणारे पदार्थ) आणि जठराच्या अस्तरावरचे काळे डाग एकत्र पाहिले तर हॉर्मोनची खरी मदत होते. दीर्घकाळच्या छळाचा संशय असेल तर डोक्याचे केस पाहतात: ते महिन्याला साधारण 1 सेंटिमीटर वाढतात, त्यामुळे मागच्या काही महिन्यांतल्या कॉर्टिसॉलचा अंदाज येतो.

मृतांचे नमुने संशोधनाला वापरायची परवानगी प्रत्येक देशात वेगळ्या नियमांनी मिळते. ती आधीच मिळालेली आहे का, हे ऑफर स्वीकारण्यापूर्वी लेखी विचारा. आणि नोकरीचं म्हणाल, तर रोजच्या फॉरेन्सिक लॅबमध्ये काम मुख्यतः दारू, औषधं आणि विषांचं असतं, हॉर्मोन बहुतांशी संशोधनापुरते. त्यामुळे पीएच.डी. करतानाच टॉक्सिकॉलॉजीच्या (विषशास्त्राच्या) नेहमीच्या केसेसही हाताखालून जाऊ द्या.