डोंगल अजून खणात आहे

पोरी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा हसू आलं, दुसऱ्यांदा चिडलो. ‘ओपन सोर्स फुकट मिळतं हे कळलं, पण मला सॉफ्टवेअरची वर्षाची वर्गणी परवडते, मग नवीन शिकायचा व्याप कशाला?’ असं विचारतेस. फुकटाचा विषय काढला कोणी? ओपन सोर्स म्हणजे ज्याचा मूळ कोड, सोर्स, सगळ्यांना खुला असतो असं सॉफ्टवेअर. मी एकच विचारतो: आत शिरण्याआधी बाहेर पडायची वाट पाहिलीस का?

माझ्या टेबलाच्या खणात एक डोंगल पडलाय. काड्यापेटीएवढा, करडा. कॉम्प्युटरच्या मागे प्रिंटरच्या पोर्टात तो खोचला की ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर चालायचं, नाहीतर नाही. नऊ वर्षं त्यावर कामं केली. मग त्या कंपनीने गाशा गुंडाळला आणि तसलं पोर्ट असलेली मशिनंही भंगारात गेली. फायली सगळ्या आहेत, बॅकअपसकट. मध्यंतरी त्यातली एक साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडली. पानभर चौकोन, प्रश्नचिन्हं, उलटसुलट अक्षरं, आणि मधेच माझं नाव. नऊ वर्षांतलं तेवढंच वाचता आलं.

एका सहकाऱ्याने तेव्हाच टोकलं होतं, खुल्या फॉरमॅटमध्येही, म्हणजे दुसऱ्या सॉफ्टवेअरलाही वाचता येईल अशा रूपात, एक प्रत ठेव म्हणून. ‘कामाचं बोल,’ असं म्हणून मी त्याला उडवून लावलं होतं.

फायलींच्या जुन्या-नव्या आवृत्त्या सांभाळायला तू रोज गिट वापरतेस ना? ते का लिहावं लागलं माहीत आहे? लिनक्स या खुल्या ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, म्हणजे कर्नल, लिहिणारी मंडळी 2002 पासून त्याच कामाला बिटकीपर वापरत होती. सॉफ्टवेअर बंदिस्त, पण त्यांना फुकट दिलेलं. 2005 मध्ये ती सवलत काढून घेतली गेली आणि लिनक्सचा जनक लिनस टोरव्हाल्ड्सने थोड्याच दिवसांत गिटचं पहिलं रूप उभं केलं. (तुझ्यामाझ्यात ती धमक नाही, गैरसमज नको.) 2016 मध्ये बिटकीपरचाही सोर्स खुला झाला, पण तोवर लोक गिटवर जाऊन स्थिरावले होते. म्हणजे बघ, फुकट तर तेही होतं! वाट मात्र मालकाच्या हातात होती.

आता उलट बाजू. ओपनऑफिस हे ऑफिसच्या कामाचं ओपन सोर्स सॉफ्टवेअर सन कंपनीकडून ओरॅकल कंपनीकडे गेलं आणि बरेच डेव्हलपर अस्वस्थ झाले. 2010 मध्ये त्यांनी तोच सोर्स उचलून लिबरऑफिस सुरू केलं. लायसन्सच तसं होतं, कोणाच्या पाया पडावं लागलं नाही. वापरणाऱ्यांच्या फायली नव्या घरात जशाच्या तशा उघडल्या, कारण त्या फायलींचा ओडीएफ फॉरमॅट खुला, 2006 पासून आयएसओ या आंतरराष्ट्रीय संस्थेचं मानक. वाट असली की मालक बदलल्याची धास्ती राहत नाही.

सगळं गोड आहे असं नाही. बटणं सापडत नाहीत, एखादा प्रिंटर दोन दिवस छळतो. मीही अतिरेक केला. एका गिऱ्हाइकाला हट्टाने ओडीटीच, म्हणजे ओडीएफमधली मजकुराची फाईल, पाठवली, त्याच्याकडे तक्ते विस्कटले आणि गिऱ्हाईक गेलं. सोबत पीडीएफ जोडली असती तर भागलं असतं, कबूल. पण तत्त्व चुकलं नव्हतं हे मी अजून म्हणतो आणि बायको अजून हसते.

‘एक्स्पोर्टची सोय आहे’ हे तुझं उत्तर मला पुरत नाही. एक्स्पोर्टमध्ये लेअर, म्हणजे ड्रॉइंगचे वेगवेगळे थर, येतात का? मापं मापं म्हणून येतात की नुसत्या रेघा होतात? तुझ्या टिपणांचं काय होतं? कोणी सांगितलं म्हणून विश्वास ठेवू नकोस. तुझं खरं, किचकट काम घे, नमुन्याची फाईल नको. ते खुल्या फॉरमॅटमध्ये काढ आणि दुसऱ्या मशिनवर, नेट बंद करून, दुसऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये उघड. मग बघ काय उरतं.

जे उरेल त्याचा स्क्रीनशॉट रविवारपर्यंत पाठव. तोवर वर्गणी भरू नकोस.