कापसाचा बोळा

प्रश्न : सिस्टर, माझे मिस्टर शाळेत शिक्षक होते. स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला आणि पाच महिन्यांत गेले, बावन्नाव्या वर्षी. शेवटचे चार दिवस घोटभर पाणीही गिळता येत नव्हतं. मी कापसाचा बोळा भिजवून ओठांना लावत बसायचे. नंतर मंडळीतल्या एक बाई भेटायला आल्या आणि म्हणाल्या, “तुमचा विश्वास कमी पडला, नाहीतर प्रभूने उठवलं असतं.” तेव्हापासून मुलगा उपासनेला येत नाही. मलाही प्रार्थनेत ‘का?’च्या पुढे जाता येत नाही. या दुःखाला काही अर्थ आहे का?
— एक बहीण, श्रीरामपूर

उत्तर : ताई, आधी ते वाक्य मनातून काढून टाका. बायबलमध्ये योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात जन्मांध माणसाकडे बघून शिष्य हेच विचारतात : पाप कोणाचं, याचं की याच्या आईबापांचं? प्रभू म्हणतो, कोणाचंच नाही. आणि प्रेषित पौलाचा विश्वास काय कमी होता? शरीरातला काटा, म्हणजे त्याला छळणारी व्यथा, निघावा म्हणून त्याने तीनदा विनवणी केली. काटा राहिला.

बायबलमधल्या ईयोबावर एकामागून एक संकटं कोसळली, तेव्हा त्याचे मित्र सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले, तोवर ते खरे मित्र होते. बोलायला लागले आणि बिघडलं. शेवटी देव त्यांच्यावरच रागावला, प्रश्न विचारणाऱ्या ईयोबावर नाही. तेराव्या स्तोत्राची सुरुवातच ‘कोठवर?’ अशी आहे, आणि ते चारदा विचारलंय. तुमचा ‘का?’ ही प्रार्थनाच आहे, ताई. तिथेच थांबावंसं वाटलं तर थांबा.

नर्स म्हणून वॉर्डात एकतीस वर्षं काढली. ‘का’चं उत्तर मला मिळालं नाही, म्हणून तुम्हालाही देत नाही. पण तुम्ही बोळ्याचं लिहिलंत आणि मी पत्र खाली ठेवलं. तो बोळा मी किती जणांच्या ओठांना लावला असेल! पाणी जास्त झालं तर ठसका लागतो, म्हणून वाटीच्या काठावर दाबून निथळून घ्यायचा. सुकलेला ओठ कापसाला चिकटतो, तो हलकेच सोडवायचा. शुद्ध हरपलेलं माणूससुद्धा कधी कधी ओठ हलवून ते थेंबभर पाणी ओढून घेतं.

वधस्तंभावर प्रभू म्हणाला, “मला तहान लागली आहे.” कोणीतरी आंबेत, म्हणजे आंबट द्राक्षारसात, भिजवलेला स्पंज एजोब नावाच्या झुडपाच्या काठीवर बसवून त्याच्या तोंडाला लावला. तुमचे मिस्टर ज्या तहानेत होते, तिच्यात प्रभू आधी जाऊन आला आहे. मुलगा विचारतो ना, देव कुठे होता? मी सांगेन, खाटेवर, सुकलेल्या ओठांच्या बाजूला. “मी तान्हेला होतो तेव्हा तुम्ही मला प्यायला दिले,” हे मत्तयातलं वचन मी पाठ केलं शाळेत. कळलं ते वॉर्डात, रात्रपाळीला.

पंडिता रमाबाईंचं आयुष्य बघा. आईवडील दुष्काळात गेले. १८८० मध्ये भाऊ, १८८२ मध्ये नवरा, तोही लग्नाला दोन वर्षं व्हायच्या आत. एकुलती मनोरमा १९२१ मध्ये गेली आणि वर्ष उलटायच्या आत त्याही गेल्या. एवढी मरणं बघितलेल्या या बाईने केडगावला शेकडो दुष्काळग्रस्त मुली-बायकांना जेवू घातलं आणि मूळ हिब्रू-ग्रीकवरून अख्खं बायबल मराठीत आणलं. दुःख आधी समजून घेऊन मग त्या कामाला लागल्या असतील, असं मला वाटत नाही.

मुलाला उपासनेला ओढू नका. त्याचा राग बापावरच्या मायेतून आलाय. ईस्टरच्या पहाटे तुम्ही कबरस्तानात जाल, तेव्हा एवढंच म्हणा, “अंधार असतो रे, सोबत चल, पाण्याचा डबा धर.” गीत म्हणायचं की नाही, ते त्याचं त्याला ठरवू द्या. पहिल्या ईस्टरला ज्या बाया कबरेकडे निघाल्या, त्याही रडतच निघाल्या होत्या, प्रेताला लावायला सुगंधी द्रव्यं घेऊन.