गोल्फ क्लबने सभासदांवर आणि पाहुण्यांवर ड्रेसकोडची सक्ती करावी का?

करावी, पण ज्या नियमाचं कारण पहिल्या टीवर, म्हणजे खेळ सुरू करायच्या जागी, उभ्या असलेल्या माणसाला एका वाक्यात सांगता येतं, त्याच नियमाची. आणि सक्ती आधी सभासदांवर, मग पाहुण्यांवर. बऱ्याच ठिकाणी हे उलटं चालतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मी वीसेक वर्षं खेळतोय. त्यातली तीन वर्षं आमच्या क्लबच्या कमिटीवर होतो. एका रविवारी सकाळी स्टार्टरने, म्हणजे खेळाडूंना पाळीप्रमाणे सोडणाऱ्या कर्मचाऱ्याने, मला बोलावून घेतलं. एक गृहस्थ आपल्या मुलीला घेऊन आले होते, पाहुणे म्हणून, आधी बुकिंग करून. मुलगी तेरा-चौदा वर्षांची असेल. गोल गळ्याचा टी-शर्ट, इस्त्री केलेला. केस घट्ट बांधलेले, ग्लोव्ह आधीच हातात चढवलेला. आमचा नियम कॉलरचा. तो तिला मीच सांगितला. वडिलांनी विचारलं, "कॉलर कशासाठी लागते?" मी म्हणालो, "नियम आहे." त्यापलीकडे माझ्याकडे सांगण्यासारखं काही नव्हतं.

प्रो शॉपमध्ये, म्हणजे क्लबच्या दुकानात, तिच्या मापाचं काही मिळालं नाही. शेवटी पुरुषांचा शर्ट घेतला. तिने फटक्यासाठी क्लब, म्हणजे गोल्फची काठी, मागे नेला की बाही कोपराखाली घसरायची. ती हात सोडून बाही वर ओढायची आणि पुन्हा पवित्रा घ्यायची. मागे चारजण आपल्या पाळीची वाट बघत उभे होते. पहिला बॉल टॉप झाला, म्हणजे काठी वरच्यावर निसटती लागली, आणि तो जेमतेम वीस पावलं गेला. दोघं नऊ होल, म्हणजे अर्धा डाव, खेळून निघून गेले आणि पुन्हा कधी आले नाहीत.

त्याच सकाळी, तासभर आधी, एक जुने सभासद कार्गो हाफ पँट घालून खेळायला गेले होते. कार्गोलाही आमच्याकडे बंदीच होती. स्टार्टरला विचारलं तर तो म्हणाला, "साहेब, त्यांना मी कसं अडवणार?" त्याचं काही चुकलं नव्हतं. नियम आम्ही कमिटीत बसून करायचो आणि तो राबवायला क्लबमधल्या सगळ्यात कमी अधिकाराच्या माणसाला उभं करायचो. मग तो ज्याला अडवणं सोपं त्यालाच अडवणार: पाहुण्याला, पोराटोरांना, पहिल्यांदा आलेल्याला. कोणत्याही क्लबने सक्ती करण्याआधी हा प्रश्न सोडवायला हवा.

परंपरेचा मुद्दा हमखास निघतो, म्हणून ती परंपरा काय आहे तेही बघू. गोल्फचे सगळ्यात जुने लिखित नियम १७४४ सालचे, एडिंबरोजवळच्या लीथमधल्या खेळाडूंनी केलेले. एकूण १३. घोड्याला किंवा कुत्र्याला लागून बॉल थांबला तर काय करायचं हेसुद्धा त्यात आहे. कपड्यांबद्दल अवाक्षर नाही. आज जगभरचे नियम ब्रिटनची आर अँड ए आणि अमेरिकेची यूएसजीए या दोन संस्था मिळून ठरवतात. त्यांनीही पोशाख ठरवून दिलेला नाही. २०१९ च्या नियमांत प्रत्येक कमिटीला स्वतःची आचारसंहिता करायची मुभा तेवढी आहे. म्हणजे कॉलर ही गोल्फची अट नाही, त्या-त्या क्लबची आहे. अट क्लबची असेल तर तिचं उत्तरही क्लबनेच द्यायला हवं.

कारण असलेला पोशाखाचा नियम कसा असतो, त्याचं मला सगळ्यात आवडतं उदाहरण लंडनच्या विंबल्डन कॉमनवरचं. ती मोकळी सार्वजनिक जागा आहे. लोक फिरायला येतात, कुत्री घेऊन येतात, आणि त्याच जागेत गोल्फही चालतो. तिथे खेळणाऱ्याने अंगात वरचा कपडा लालच घालायचा असतो. दूरवरून दिसावं की इथे बॉल उडतोय, सांभाळा. सार्वजनिक माळावर खेळणारे पूर्वी लाल कोट घालत, ते याचसाठी. उद्या तिथे एखाद्या पाहुण्याला लाल नसल्यामुळे परत पाठवलं तरी मला वाईट वाटणार नाही. कारण विचारलं तर तिथला कोणीही सांगेल, आणि ऐकणाऱ्यालाही ते पटेल.

बुटांचंही तसंच. धातूच्या खिळ्यांचे बूट ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या बारीक गवतावर, ओरखडे काढतात, गवत उचकटतात, मागून येणाऱ्याचा हलक्या फटक्याने घरंगळणारा बॉल त्यावर आदळून भरकटतो. १९९० च्या दशकात प्लास्टिकचे मऊ स्पाइक्स आले आणि पुष्कळ क्लबांनी धातूवर बंदी घातली. टाचेच्या चपलांनाही ग्रीनवर मनाई असावी, कारण तेच. हे नियम कडकपणे पाळायला लावा, क्लबच्या अध्यक्षालाही. जीन्सने ग्रीनचं काय बिघडतं, हे मात्र मला आजवर कोणी सांगू शकलेलं नाही.

शिवाय 'शोभतं' काय, हे तर सारखं बदलत आलंय. १९३३ साली वेस्टवर्ड हो! या गावी इंग्लंडच्या महिला अजिंक्यपद स्पर्धेत ग्लोरिया मिनोप्रिओ पँट घालून खेळायला उतरल्या, सोबत काठीही एकच. तोवर बायका स्कर्टमध्ये खेळत. महिला गोल्फच्या संघटनेने पारंपरिक पोशाख सोडल्याबद्दल जाहीर नापसंती व्यक्त केली. आज कोणत्याही क्लबच्या फलकावर महिलांसाठी पँट हा अगदी सभ्य पोशाख म्हणून लिहिलेला असतो. फलक लिहिणाऱ्यांनी हे एकदा आठवावं असं मला मनापासून वाटतं.

हाफ पँटचा प्रवासही बघण्यासारखा आहे. १९८३ च्या यूएस ओपन स्पर्धेत, अमेरिकेतल्या ओकमाँटच्या मैदानावर, फॉरेस्ट फेझलर या खेळाडूने शेवटचं होल मुद्दाम हाफ पँटमध्ये खेळून निषेध नोंदवला. पीजीए टूरवर, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक पुरुषांच्या स्पर्धांमध्ये, कॅडींना (खेळाडूची बॅग वाहणाऱ्यांना) हाफ पँटची परवानगी मिळाली ती १९९९ मध्ये, तीही भर उन्हाळ्यात एका स्पर्धेत एक कॅडी मैदानावर कोसळल्यानंतर. खेळाडूंना सराव फेऱ्यांमध्ये आणि प्रो-अॅममध्ये (व्यावसायिक आणि हौशी खेळाडू एकत्र खेळतात त्या सामन्यांत) ती मुभा २०१९ मध्ये मिळाली. जड बॅग खांद्यावर घेऊन चार-पाच तास उन्हात चालणाऱ्या माणसाने पूर्ण पँट घातलीच पाहिजे, ही अट एकाचा जीव धोक्यात येईपर्यंत कोणाला खटकली नाही. मला ही गोष्ट फार लागते.

बायकांच्या बाबतीत तर नियम आणखी चिकटतात. २०१७ मध्ये एलपीजीए या व्यावसायिक महिला गोल्फच्या संघटनेने आपल्या खेळाडूंसाठी गळा किती खोल नसावा, स्कर्ट किती आखूड नसावा हे बारकाईने लिहून काढलं, आणि मोडलं तर १,००० डॉलर दंड. क्लबांमध्ये असे नियम बऱ्याचदा ज्या कमिटीत एकही बाई नाही अशी कमिटी करते. आणि मग स्टार्टरने एखादीचा स्कर्ट नजरेने मोजायचा? ज्या नियमाच्या अंमलबजावणीसाठी कोणाच्या शरीराकडे निरखून बघावं लागतं, तो नियम मुळात करूच नये. क्लबहाउसमध्ये डोकं उघडं ठेवायचा नियम असेल, तर पगडी, हिजाब, आजारपणामुळे बांधलेला रुमाल यांना सूट आहे हे स्पष्ट लिहा. दारात त्यावर चर्चा व्हायला नको.

आता सभासद आणि पाहुणा यांत फरक का करायचा? सभासदाला नियम माहीत असतो, पटला नाही तर तो वार्षिक सभेत हात वर करून बदलू शकतो. पाहुण्याला मत नाही. आपण जेवढं कळवू तेवढंच त्याला कळणार. म्हणून बुकिंग करतानाच सगळं सांगणं हे क्लबचं काम. वेबसाइटच्या कोपऱ्यात कुठेतरी लिहिलंय म्हणून हात झटकता येणार नाहीत. एवढं करूनही कोणी चुकून आलंच, तर त्याला बाजूला घेऊन हळू आवाजात सांगा आणि धुतलेले चार-पाच मापांचे शर्ट हाताशी ठेवा, परत करायच्या बोलीवर. चुकलेल्या माणसाला दुकानात पाठवून खरेदी करायला लावू नका.

क्लबला आपली म्हणून काही शिस्त असावी, याला माझा विरोध नाही. लग्नाला आपण घरच्या कपड्यांत जात नाही, तसं इथेही नीटनेटकं यावं, हे मलाही वाटतं. मी स्वतः आजही कॉलरचाच शर्ट घालतो, खोचून. पण आवड वेगळी, आणि कोणाला तरी परत पाठवण्याचा अधिकार वेगळा.

त्या रविवारनंतर मी कमिटीत प्रत्येक नियमापुढे त्याचं कारण लिहायचा आग्रह धरला. ज्याला कारण लिहिता आलं नाही तो मतदानाला टाकायचा. पानभर नियम होते, त्यांची आता पाच ओळींची यादी झाली आहे. बूट राहिले, उघड्या अंगाने खेळायला बंदी राहिली, शिवीगाळ किंवा द्वेषाचा मजकूर छापलेले कपडे चालणार नाहीत हे नव्याने आलं. अठरा वर्षांखालच्यांना कॉलरची अट उठली. सभासदाला अडवायचं तर स्टार्टरने नव्हे, त्या दिवशी हजर असलेल्या कमिटी सदस्याने अडवायचं, हेही लेखी झालं. मोठ्यांसाठी कॉलर आणि जीन्स या दोन्ही ठरावांवर मात्र आम्ही हरलो, जीन्सवर तर बऱ्याच मतांनी. माझी मुदत संपली आहे, पण सभासद म्हणून दोन्ही ठराव येत्या सभेत पुन्हा मांडतोय.