स्कॉटलंडच्या पारंपरिक फिडल धुनांचे रचनाकार खरंच अज्ञात आहेत का?

प्रश्नात दोन गोष्टी विचारल्या आहेत. स्कॉटलंडच्या पारंपरिक फिडलच्या, म्हणजे तिथल्या पद्धतीने वाजवायच्या व्हायोलिनच्या, धुना कोणी रचल्या हे कोणालाच ठाऊक नाही असं वाचलं, ते खरं का? आणि आपल्या पद्धतीने व्हायोलिन शिकलेल्याने त्यातली कुठली धून आधी बसवावी?

पहिल्याचं उत्तर: अजिबात खरं नाही. असं लिहिणाऱ्याने शोधायचे कष्टच घेतलेले नाहीत. मी मूळची सांगलीची, लहानपणापासून व्हायोलिन मांडी घालून वाजवत आले आणि लग्नानंतर ॲबर्डीनला आल्यावर इथल्या फिडलवाल्यांत बसायला लागले. तेव्हापासून हे 'अज्ञात, अज्ञात' ऐकून कान किटले आहेत. या संगीतातल्या ज्या धुना आज सगळ्यात जास्त वाजतात, त्यांतल्या कितीतरींच्या कर्त्याचं नाव, गाव, जन्मसाल, हुद्दा, कबर सगळं माहीत आहे.

नील गाऊच घ्या. जन्म १७२७, पर्थशायरमधला. डंकेल्डजवळ इन्व्हर गावात राहायचा, हातमागावर लोकरी कापड विणायचं काम शिकलेला. १७४५ साली, वय अठरा, एका स्पर्धेत वाजवायला उभा राहिला. परीक्षक अंध होते. निकाल देताना ते म्हणाले, शंभर वादकांत नीलचा गज मी ओळखेन. त्याच्या वर जाणाऱ्या गजात जो जोर होता त्याचं वर्णन लोक पुढे शंभर वर्षं करत राहिले. ॲथॉलच्या ड्यूकचा त्याला आश्रय होता, १७८७ मध्ये कवी रॉबर्ट बर्न्स मुद्दाम त्याला भेटून गेला, रेबर्नसारख्या चित्रकाराने त्याचं चित्र काढलं. चौकड्यांची तुमान, तसेच मोजे आणि हातात फिडल. १७८४ पासून त्याच्या धुनांचे संग्रह छापून निघू लागले. १८०७ साली गेला, लिटल डंकेल्डच्या चर्चच्या आवारात पुरलाय. अज्ञात म्हणे!

दुसरा विल्यम मार्शल, १७४८ चा, फॉकाबर्सचा. बाराव्या वर्षी गॉर्डनच्या ड्यूककडे चाकरीला लागला आणि चढत चढत त्या वाड्याचा कारभारी झाला. घड्याळंही बनवायचा. फिडल स्वतःच शिकला आणि अडीचशेच्या वर धुना रचल्या. त्या अवघड आहेत अशी कुणी तक्रार केली तर 'धसमुसळ्यांसाठी मी लिहीत नाही' असं सांगायचा म्हणतात. बर्न्सने त्याला त्या काळातला स्ट्रॅथस्पेचा, म्हणजे झटक्याच्या लयीतल्या नाचाच्या धुनांचा, पहिल्या क्रमांकाचा रचनाकार म्हटलंय. आणि नुसतं म्हटलं नाही, १७८८ मध्ये नव्या नवरीसाठी, जीनसाठी, जे गाणं लिहिलं ते मार्शलच्याच चालीवर. स्पे नदीवर क्रेगेलाकीला टेलफर्ड या अभियंत्याने लोखंडी पूल बांधला, तो १८१४ मध्ये पुरा झाला. मार्शलने त्या पुलावरही धून केली. १८२९ च्या महापुरात आजूबाजूचे कितीतरी पूल वाहून गेले, हा टिकला. आजही उभा आहे, मी त्यावरून चालले आहे, आणि धून तर आमच्या बैठकीत हटकून निघते.

आता मी एवढी तावातावाने का लिहितेय ते सांगते.

इथल्या एका मराठी मंडळाचा दिवाळीचा कार्यक्रम होता. मला दहा मिनिटं दिली होती. मी नील गाऊने दुसऱ्या बायकोच्या मृत्यूवर केलेली धून घेतली. मार्गारेट अर्कहार्ट तिचं नाव. १७६८ मध्ये लग्न, १८०५ मध्ये ती गेली. सांगतात की ती गेल्यावर नीलने फिडल खाली ठेवलं होतं आणि पुन्हा उचललं ते याच धुनेसाठी. संथ आहे, दोन भागांची. पहिला भाग खालच्या बाजूला घुटमळतो, दुसरा एकदम वरच्या तारेवर जातो आणि तिथून उतरताना गज जरा जरी घाईत ओढलात तरी सगळं फुकट जातं. मी निवेदकांना चिठ्ठी दिली होती. रचनाकाराचं नाव, साल, बायकोचं नाव, सगळं देवनागरीत, ठळक अक्षरात. माईकवरून काय आलं? "आता ऐकू या स्कॉटलंडची एक पारंपरिक लोकधून, जिचा कर्ता काळाच्या ओघात हरवला आहे." चिठ्ठी त्यांच्या हातातच होती. मी उभी राहून नाव सांगितलं आणि मग वाजवलं.

पुढचं जेवणाच्या रांगेत. माझे आतेभाऊ, आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणतो, तेव्हा मुलाकडे आले होते. गाण्यातले जाणते आहेत, विशारद आहेत, मी त्यांना मानते. त्यांनी हातात मसालेभाताचं ताट घेऊन मला सांगितलं, "अगं, उभी राहून नाव कशाला सांगायचं? लोकसंगीताला कर्ता नसतो. कर्ता असला तर ते लोकसंगीत कसलं? जात्यावरच्या ओव्या कोणी केल्या सांग." आजूबाजूच्या चार जणांनी माना डोलावल्या. तेवढ्यात माझ्या शेजारणीने, बॅम्फकडची म्हातारी आहे, मी तिला आग्रहाने आणलं होतं, मला हाक मारून इंग्रजीत म्हटलं, "नीलची धून छान वाजवलीस." नीलची. दोनशे वर्षांपूर्वी गेलेल्या माणसाचं नाव ती गल्लीतल्या माणसासारखं घेते. अण्णांनी ते ऐकलं नाही किंवा ऐकून घेतलं नाही.

ओव्यांचं उदाहरण मला तेव्हापासून टोचतंय. ओव्या रचणाऱ्या बायकांची नावं आपल्याला माहीत नाहीत, कारण त्यांना कोणी विचारलंच नाही. पहाटे चार वाजता दळणाऱ्या बाईच्या दारात वही घेऊन कोण जाणार होतं? त्या ओव्या आभाळातून पडल्या नाहीत. कुठल्यातरी एका बाईला कुठल्यातरी एका पहाटे ती ओळ सुचली. तिला नाव होतं. ते न टिपल्याचा दोष टिपणाऱ्यांचा, आणि आपण त्या दोषालाच लोकसंगीताचं लक्षण म्हणून मिरवतो.

स्कॉटलंडमध्येही हे झालंय. नीलचा मुलगा नॅथॅनिअल गाऊ, हा एडिंबरात राहून वाजवायचा, संगीत छापायचा आणि विकायचा. ताजी हेरिंग मासळी विकणाऱ्या न्यूहेवनच्या कोळिणींची आरोळी त्याने एका धुनेत धरली, तिच्यात चर्चच्या घंटा मिसळल्या. त्या धुनेवर शब्द लिहिले कॅरोलिना ऑलिफंटने, म्हणजे लेडी नेर्नने. पण बाईमाणसाने, तेही सरदार घराण्यातल्या, गाणी छापायची नाहीत म्हणून ती 'मिसेस बोगन ऑफ बोगन' या खोट्या नावाने लिहायची. १८४५ मध्ये ती वारल्यानंतर खऱ्या नावाने संग्रह निघाला. म्हणजे उभी हयात तिची गाणी दुसऱ्याच नावावर चालली. कोणी शोधलं नसतं तर अण्णांच्या हिशेबाने तीही 'पारंपरिक' झाली असती.

आणि हे फक्त जुन्या काळाचं नाही. स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या शेटलंड बेटांवरच्या टॉम अँडरसन या फिडलवाल्याने १९६९ च्या जानेवारीत रात्री एशनेसहून निघताना टेकडीवरून मागे पाहिलं, लहानपणी दिसायचे त्याच्या मानाने दिवे फारच थोडे उरले होते. माणसं गाव सोडून गेली होती. त्यातून 'दा स्लॉकिट लाइट' आली, विझलेला दिवा. ही धून मी स्वतः 'प्राचीन शेटलंड धून' अशी ओळख करून दिलेली ऐकली आहे. अँडरसन १९९१ पर्यंत हयात होता, त्याच्याकडे शिकलेली माणसं आजही वाजवतात! ॲबर्डीनमध्येच जेम्स स्कॉट स्किनरची कबर आहे. बँकरीचा, १८४३ ते १९२७. सहाशेच्या आसपास धुना त्याच्या नावावर आहेत आणि त्याच्या स्वतःच्या वाजवण्याच्या ध्वनिमुद्रिकाही आहेत. 'हेक्टर द हीरो' ही त्याची १९०३ ची धून. सर हेक्टर मॅकडोनाल्ड साधा शिपाई म्हणून भरती होऊन मेजर जनरल झाला, सिलोनला नेमणूक असताना त्याच्यावर आरोप झाले आणि पॅरिसच्या हॉटेलात त्याने स्वतःला संपवलं. स्किनर त्याला ओळखायचा. हे माहीत असताना ती धून वाजवणं आणि माहीत नसताना वाजवणं यात गजाच्या दाबापासून फरक पडतो, हे मी अनुभवाने सांगते.

अण्णांचं म्हणणं, नावं शोधत बसणं हे पाश्चात्त्यांचं खूळ आहे, आपल्याकडे कलाकार स्वतःला विसरतो. हे साफ चूक आहे. आपल्या बंदिशींत 'सदारंग', 'अदारंग' अशी नावं रचनेतच गुंफलेली असतात. 'तुका म्हणे', 'जनी म्हणे' काय आहे मग? आणि अण्णांनी हे वाचलं तर बरंच, कारण एक गोष्ट मी त्यांच्या तोंडावर बोलू शकले नव्हते. त्यांच्या गुरुजींनी एका अभंगाला लावलेली चाल आज आमच्याकडची सगळी भजनी मंडळं म्हणतात. एका पुस्तिकेत त्याखाली 'चाल : पारंपरिक' असं छापलं, तेव्हा अण्णांनी छापणाऱ्याला फोन करून पुढच्या आवृत्तीत गुरुजींचं नाव घालायला लावलं. अगदी योग्य केलं. मीही तेच केलं असतं. मग जो न्याय गुरुजींना तोच गॉर्डनच्या वाड्यातल्या कारभाऱ्याला का नाही?

आता दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर कोणीतरी खाली येऊन सांगेलच. खरोखर अनाम धुनाही पुष्कळ आहेत. 'सोल्जर्स जॉय' सारखी धून अठराव्या शतकापासून युरोपभर वाजतेय, तिचा कर्ता धरता येत नाही. काही धुना गेलिक, म्हणजे इथल्या डोंगराळ भागातल्या जुन्या भाषेतल्या, गाण्यांतून फिडलवर आल्या. सायमन फ्रेझरने १८१६ मध्ये अशा चालींचा मोठा संग्रह छापला. काही बॅगपाइपवरून आल्या. धून एका स्वराभोवती फिरता फिरता अचानक अख्खी एक स्वर खाली बसते आणि पुन्हा वर येते, तिथे बहुतेकदा पाइपचा संस्कार असतो. शिवाय शीर्षकातल्या नावाला फसू नका. 'मिस अमकी', 'लेडी तमकी' ही ज्यांना धून वाहिली त्यांची नावं, रचणाऱ्यांची नाहीत. आणि माझा लाडका नील गाऊही धुतल्या तांदळासारखा नव्हता. गाऊ घराण्याने दुसऱ्यांच्या धुना नाव बदलून छापल्या असा आरोप आहे, जुन्या धुनांचा संग्राहक जॉन ग्लेन याने १८९० च्या दशकात त्या एकेक करून दाखवल्या, आणि मार्शलनेही १८२२ च्या संग्रहात आपल्या धुना लोकांनी परस्पर वापरल्याची तक्रार केली. बायकोवरची ती विलापधून मात्र त्याचीच मानतात.

मॅकफर्सनची गोष्टही सांगतील तुम्हाला: १७०० साली बॅम्फला फाशी गेलेला दरोडेखोर, फासाखाली स्वतःची धून वाजवली आणि कोणी फिडल घेईना म्हणून ते फोडलं. फाशी खरी. बाकीचं दंतकथा समजा, वाजवा मात्र जरूर.

स्वतः शोधायचं असेल तर स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने गाऊ, मार्शल वगैरेंचे जुने छापील संग्रह पानन्‌पान ऑनलाइन ठेवले आहेत. 'टोबर अन डुआल्खस' या संकेतस्थळावर म्हाताऱ्या वादकांची जुनी ध्वनिमुद्रणं फुकट ऐकता येतात. स्किनरची कागदपत्रं ॲबर्डीन विद्यापीठात आहेत. तिथल्याच लोकसंस्कृतीच्या केंद्राचं नाव एल्फिन्स्टन, पण ते आपल्या मुंबईच्या गव्हर्नरवरून नाही, १४९५ मध्ये विद्यापीठ काढणाऱ्या बिशपवरून. माझ्याकडे येणारा प्रत्येक मराठी पाहुणा हे विचारतो.

राहिला दुसरा प्रश्न. संथ धुनेपासून सुरुवात करा, नीलच्या विलापधुनेपासूनच. आपला हात मींडेला सरावलेला असतो, तो जरा आवरा, स्वर सुटे ठेवा. स्ट्रॅथस्पेला लगेच हात लावू नका. त्यातला आखूड-लांब झटका, ज्याला स्कॉच स्नॅप म्हणतात, तो आपल्या लांब गजाला सहज जमत नाही आणि नुसता वेगात वाजवला की हास्यास्पद वाटतो. रील, म्हणजे जलद नाचाच्या धुना, सोप्या वाटतात, त्या नंतर. ताराही त्यांच्यासारख्या लावा, आपल्या प-सा-प-सा वर बोटं चुकतील. अपवाद शेटलंडच्या काही जुन्या धुनांचा. त्या खालच्या दोन तारा चढवून वाजवतात आणि ते लावणं थेट सा-प-सा-प होतं, तिथे तुम्ही इथल्या मुलांच्या पुढे असाल. पाच स्वरांच्या धुना भूपात बसल्यासारख्या वाटतात, पण राग म्हणून वाढवायला जाऊ नका, धून दोन भागांची आहे, दोन भागांतच ठेवा. आणि कुठल्याही कार्यक्रमात वाजवणार असाल तर नाव स्वतः सांगा, निवेदकावर सोडू नका. मार्शलच्या दोन धुना आणि ही विलापधून मी आपल्या स्वरलिपीत लिहून ठेवली आहे, हवी असेल तर खाली कळवा, पाठवते.