मातीतली सगळी अँटिबायोटिक सापडून झाली का?

तुम्ही नाशिकला बीएस्सी करताय, द्राक्षबागेच्या मातीतून नवीन अँटिबायोटिक शोधायचंय, पण "मातीत आता नवीन काही उरलं नाही" असं ऐकलंय. म्हणून विचारताय, जिवाणूंची जनुकं बदलून काही मिळतं का.

मिळतं. आणि "उरलं नाही" हे मला अजिबात पटत नाही. स्ट्रेप्टोमायसिस सीलिकलर या जिवाणूवर अनेक दशकं काम होऊन त्याची अँटिबायोटिकसारखी मोजकीच रसायनं माहीत होती. २००२ मध्ये त्याचा जीनोम, म्हणजे सगळा डीएनए, वाचला, तर अशी रसायनं बनवणारे जनुकांचे २० हून जास्त गट निघाले. त्यातले बरेच प्रयोगशाळेत गप्प बसतात. मातीतली उपासमार, शेजारच्या बुरशीशी झगडा, हे काही आयत्या खाद्यावर नसतं.

त्यांना बोलतं करायचं तर गटाला दाबून ठेवणारं जनुक काढून टाकतात, किंवा गट चालू करणाऱ्या जनुकापुढे कधीच बंद न होणारा प्रमोटर, म्हणजे जनुक चालू करणारा डीएनएचा तुकडा, बसवतात. स्ट्रेप्टोमायसिस अँबोफेशियन्स हा जिवाणू स्पायरामायसिन या अँटिबायोटिकसाठी वर्षानुवर्षं वापरात होता. २०११ मध्ये त्याचं एक नियामक जनुक सतत चालू ठेवलं आणि स्टॅम्बोमायसिन ही नवी रसायनं हाती आली, रेणूत ५१ अणूंचं कडं असलेली! इतक्या ओळखीच्या जिवाणूत ती लपून होती, याचं मला आजही नवल वाटतं. जिवाणू बाहेरचा डीएनए घेतच नसेल तर अख्खा गट दुसऱ्या, सरावातल्या स्ट्रेप्टोमायसिसमध्ये हलवतात. अर्थात जागं झालेलं प्रत्येक रसायन औषध ठरत नाही.

तुम्ही मात्र सुरुवात जनुकांपासून करू नका. त्याला संस्थात्मक जैवसुरक्षा समितीची परवानगी लागते. आधी माती सुकवून स्टार्च केसीन आगरवर, म्हणजे जिवाणू वाढवायच्या घट्ट खाद्यावर, बशीत पसरा. आठवड्याभरात स्ट्रेप्टोमायसिसच्या खडूच्या भुकटीसारख्या वसाहती दिसतील, आगरमध्ये इतक्या रुतलेल्या की सुईने सहज निघत नाहीत. झाकण उघडलं की पहिल्या पावसाचा वास येतो. तो जिओस्मिन या रसायनाचा, हेच जिवाणू ते बनवतात. मग एकच जिवाणू वेगवेगळ्या खाद्यांवर वाढवा आणि आगरमध्ये उतरणारा रंग कुठे बदलतो ते लिहून ठेवा. नुसतं खाद्य बदलूनही काही गट जागे होतात.

अशा जिवाणूंपासून औषध मिळवणं आपल्याकडे झालेलं आहे. हॅमायसिन हे बुरशीवरचं औषध पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये स्ट्रेप्टोमायसिस पिंपरिनापासूनच मिळालं. बागेत लाल कोळीवर फवारतात ते अबामेक्टिनही मातीतल्या स्ट्रेप्टोमायसिसचंच.

निफाड-दिंडोरीकडे नमुने घ्याल तेव्हा बागेतली आणि बांधावरची माती वेगळी ठेवा. बोर्डो मिश्रणातलं तांबं बागेत साठत जातं, त्यात तगलेले जिवाणू वेगळे असू शकतात.